तळहाताआडचा पिक्चर

कुरियरवाला आला तेव्हा भारती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. शेजारी रूपेशच्या घराला कुलूप होतं. त्याच्या वडिलांना, लडक्याकाकांना, व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचा तो वार, आणि मंडळी परत यायला अजून तासभर तरी होता, हे भारतीला रूपेशपेक्षाही पक्कं ठाऊक होतं. तलासरीच्या त्या गल्लीत कोणाचा सिलिंडर कधी संपला, कोणाकडे पाहुणे किती दिवस राहिले, कोणाची सून माहेराहून हसत आली की रुसत, हे विचारायचं तर लोक थेट भारतीच्या ओट्यावर यायचे. वाईट ती कोणाबद्दल बोलत नसे. फक्त तिला सगळं ठाऊक असायला लागायचं. ताटातलं जेवण अर्धं राहिलेलं चालेल, पण गोष्ट अर्धी राहिलेली तिला चालत नसे.

तिने सही केली आणि रूपेशच्या नावाचं पाकीट हातात घेतलं. वहीएवढं, पण कडक. कानाशी धरून हलवलं, तर आत काहीतरी चपटं सरकलं. नाकाला लावलं, तर नव्या पुठ्ठ्याचा वास. मग पाकीट उलटं केलं आणि कोपऱ्यातला शिक्का दिसला. त्यावरची अक्षरं अशी, की कोणीतरी काड्या मोडून एकावर एक रचून ठेवाव्यात.

भारतीचा पाकीट फिरवणारा हात थांबला.

"आला," ती स्वतःशीच म्हणाली. "एक्केचाळीस वर्षांनी आला."

हा कोण आला, ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

लडक्याकाकांचा एकेकाळी तंबू टॉकीज होता. चैत्रात डहाणूजवळ महालक्ष्मीची यात्रा भरली की मैदानाच्या कडेला त्यांचा तंबू लागायचा. एका वर्षी मुंबईहून ठरलेला पिक्चर आलाच नाही. गोदामवाल्याने त्याच्याऐवजी दुसऱ्याच पिक्चरचे डबे पाठवून दिले, आणि ते उघडून बघतात तर आत जपानी पिक्चर. काळा-पांढरा. टोप्या घातलेले गुंड, पाठभर गोंदलेले मासे, हातात कधी तलवारी तर कधी पिस्तुलं, आणि बोलणं असं की एक शब्द कळेल तर शपथ. दुसरा कोणी असता तर डबे परत पाठवून डोक्याला हात लावून बसला असता. काकांनी काय केलं, मशीनशेजारी माइक घेऊन उभे राहिले आणि गोष्ट स्वतःच सांगायला लागले. नायकाचं नाव ठेवलं तुक्या. टोळीचा म्होरक्या काकड्याशेठ. आणि दोन टोळ्यांचं भांडण कशावरून? तर घोलवडच्या चिकूवाडीवरून.

लोक वेडे झाले. पंधरा दिवसांच्या यात्रेत एकेक माणूस तो पिक्चर पाच-पाच वेळा बघून गेला.

भारती तेव्हा अकरा वर्षांची. तिचं माहेर यात्रेच्या मैदानाला लागूनच. काकांची बायको कमळीकाकी तंबूच्या दारात तिकिटं फाडायची आणि खेळ सुरू झाला की पडद्याच्या डाव्या कोपऱ्याशी गोणपाटावर येऊन बसायची. शेजारची जागा भारतीची. गर्दी कितीही होवो, ती जागा रिकामी असायची, कारण काकी तिथे पळसाच्या पानावर मूठभर भाजलेल्या शेंगा ठेवून द्यायची. तंबूचा कायदाच होता तो. शेंगा ठेवल्या म्हणजे जागा धरली. मग तिथे पाटील आला तरी बसत नसे.

आणि त्या पिक्चरमध्ये एक सीन होता, जो कोणीही बघितला नव्हता.

शेवटाकडे काकड्याशेठ एका थिएटरात सिनेमा बघायला जातो आणि तिथेच त्याचा खून होतो. खुनाआधी प्रेक्षकांची एक रांग दाखवतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. ती रांग सुरू झाली रे झाली, की लडक्याकाका मशीनच्या भिंगासमोर उजवा तळहात धरायचे. पडद्यावर हा मोठा काळा पंजा पडायचा. लोकांना वाटायचं, काहीतरी चावट असणार. शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. "काका, हात काढा," म्हणून ओरडून ओरडून पोरांचे घसे बसायचे. काका गप्प. एवढ्याच जागी त्यांचा माइकही गप्प. डबे परत करायचे, त्यामुळे फिल्मची पट्टी कापता येत नव्हती, म्हणून हात.

पण काकांची उजवी करंगळी अर्धी होती. त्या अर्ध्या करंगळीच्या जागी पंजात एक फट राहायची, आणि त्या फटीतून पिक्चरचा एक तुकडा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात सांडायचा. नीट बघायचा तर अगदी त्या कोपऱ्याशी बसायला हवं.

भारती त्या कोपऱ्याशी बसायची. यात्रेच्या शेवटच्या दिवशी तिने त्या फटीतून जे बघितलं, ते ती आजवर एकाच माणसाजवळ बोलली होती. तो माणूस आता नव्हता.

* * *

रूपेशने पाकीट आपल्या ओट्यावर उभ्याउभ्याच फाडलं. पंचेचाळिशीचा, तारापूरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस, पण घाई पोरासारखी.

"ताई, हे बघा. हाच. मागे मासा आहे ना पाठीवर?"

"आहे रे. हाच तुक्या." भारतीने चष्मा वर सरकवला. "किती गोरा झालाय."

"धुतलाय त्यांनी. सगळा पिक्चर. कुठे एक मूळ कॉपी सापडली त्यांना, तिचं एकेक चित्र वेगळं काढून त्यावरचे ओरखडे, डाग, धूळ पुसली, आवाज नीट केला, आणि घरी बघण्यासाठी अशी डिस्क काढली. पुसलेलं एकही चित्र गाळलं नाही, असं लिहिलंय."

"एकही नाही?"

"एकही नाही. म्हणजे बाबांच्या हाताआडचंसुद्धा."

त्याने दोन वर्षं हा पिक्चर शोधला होता. नाव माहीत नाही, नटाचं नाव माहीत नाही. मोबाइलवर जुन्या पिक्चरवाल्यांच्या गटांत तो लिहीत राहिला, की पाठीवर मासा, थिएटरात खून, करंगळी कापून माफी मागतात. दिवाळीत काकांना लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यानंतर एका रात्री कोणीतरी उत्तर म्हणून एक चित्र धाडलं. रूपेशने ते काकांसमोर धरलं, आणि सहा आठवड्यांत घशातून आवाज न काढलेला तो माणूस "अं... अं..." करायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच काहीतरी आवडीचं दाखवत राहा, वाचा परतू शकते. मग काय, रूपेशने वापीहून जुना प्लेयर आणला आणि डिस्क मागवली.

"रविवारी दुपारी लावू," तो म्हणाला. "गल्लीतल्या ज्यांनी तेव्हा बघितला, त्या सगळ्यांना बोलवा. तुम्हीच बोलवा ताई, तुमच्याएवढा जोराचा लाउडस्पीकर नाही आपल्याकडे."

संगीताने, त्याच्या बायकोने, आतून हसून घेतलं.

"खायला काय करणार आहेस?" भारतीने तिला विचारलं.

"पोहे. पण बिनशेंगदाण्याचे हां, आधीच सांगते. घरात शेंग आलेली बाबांना चालत नाही. वास आला तरी ताट लोटतात."

हे भारतीला माहीत होतं. लग्न होऊन ती तलासरीला आली आणि शेजारी लडक्याकाका निघाले, तेव्हापासून माहीत होतं. का, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. साऱ्या गल्लीला खोदून खोदून विचारणारी बाई, पण या एका दारात तिची जीभ उचलत नसे.

* * *

शनिवारी सकाळी रखमीआत्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. लडक्याकाकांची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली, हाडाने अजून टणक. भारती न बोलावताच मदतीला बसली.

"उद्या पुढे बसा हां आत्या. तुम्हांला जागा ठेवते."

"मी नाय येणार."

"अहो, तुमच्या भावाचा पिक्चर."

आत्याने मिरच्या पसरल्या. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"तुला पांड्या आठवतो? जनरेटरवाला?"

"यात्रेत पट्ट्यात सापडून गेला तो?"

"तो. यात्रा भरायच्या दोन दिवस आधी भावाने एकट्याने पिक्चर चालवून बघितला, तेव्हा हात नव्हता धरला. त्या रांगेत त्याला पांड्या दिसला. बसलेला. जपानी माणसांच्या मधी, आपला पांड्या, खांद्यावर तोच फडका. भाऊ बाहेर बघतो तर पांड्या जनरेटरला तेल घालतोय. दोन्हीकडं पांड्या. भाऊ हसला, पांड्यालापण सांगितलं. तिसऱ्या दिवशी पट्ट्याने त्याला आत ओढला. याने हात घातला काढायला, तर याची करंगळी गेली. पांड्या सगळाच गेला."

मिरच्यांचा खाट नाकात चढला होता. भारतीने डोळे पुसले.

"मंग भाऊ म्हणाला, कोण बसलंय ते कोणी बघायचं नाय. बघितला की माणूस जातो. म्हणून हात. कळलं?"

"आणि... कमळीकाकी?"

"ती तापाने गेली. ते वेगळं." आत्याने तिच्याकडे तीक्ष्ण बघितलं. "हात होता की तेव्हा. कोणी बघितलंच नाय तर कशाला?"

भारती उठली. पायाखालचं अंगण तिला लांब वाटलं.

कारण हात होता, पण फट होती. आणि फटीतून अकरा वर्षांच्या भारतीने बघितलं होतं. पडद्यावरच्या त्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर कमळीकाकी बसली होती. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, तोंडात शेंग. आणि तीच काकी इकडे गोणपाटावर तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली. भारतीने तिला कोपराने ढोसून सांगितलं होतं, "काकी, तू त्यात दिसलीस." काकी हसून हसून लोटपोट झाली. "मी तिथं? मग हितं तिकिटं कोण फाडतं?"

तिसऱ्या दिवशी ती गेली. रूपेश तेव्हा चार वर्षांचा.

घरी येऊन भारती दोन पेले पाणी प्याली. भीती होती, नाही कशाला म्हणावं. पण भीतीपेक्षा मोठी एक गोष्ट छातीत धडधडत होती. एक्केचाळीस वर्षं ती स्वतःला सांगत आली होती, की पोरवय, अंधार, फाटका पडदा, ओरखड्यांचा पिक्चर, कोणीतरी जपानी बाई असेल. आणि एक्केचाळीस वर्षं रात्री कूस बदलताना वाटत आलं होतं, की आपण बघितलं नसतं तर काकी राहिली असती. उद्या तो पिक्चर धुतलेला, पुसलेला समोर येणार होता. ती बाई जपानी निघाली, की आपण सुटलो. एवढंच तिला बघायचं होतं. एकदाच, नीट.

तरी संध्याकाळी ती रूपेशला म्हणाली, "तो थिएटरचा भाग पुढे पळवला तर?"

"ताई, तोच तर बघायचाय," रूपेश म्हणाला. "बाबा बोलतील तर तिथेच बोलतील."

* * *

रविवारी दोन वाजल्यापासून माणसं यायला लागली. ज्याने त्याने आपापली बैठक आणलेली. भारतीने तिची निळी प्लास्टिकची खुर्ची आणली होती, जिचा मागचा पाय तडकला म्हणून नवऱ्याने तांब्याच्या तारेने गुंडाळून दिला होता. गल्लीतला विनोद, दुकान बंद करून आलेला, म्हणाला, "भारतीबेन, खुर्ची मोडली तर तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत हां."

"तुझ्या वजनाने जमीन नाही खचली तर माझी खुर्ची कशाला मोडते?"

घर हसलं. चैत्राचं ऊन बाहेर आग ओकत होतं, आणि खिडक्यांवर संगीताने घोंगड्या आणि चादरी लावून आत काळोख केला होता. काळोखाला पेटीतल्या डांबरगोळ्यांचा, घामाचा आणि काकांच्या मालिशच्या तेलाचा वास होता. काकांना उशा लावून मधोमध बसवलं होतं. त्यांचा उजवा हात मांडीवर टॉवेलखाली मेल्यासारखा पडला होता. त्यांच्या डाव्या अंगाला भारतीची खुर्ची. आत्या तेवढी बाहेर ओट्यावर, दाराकडे पाठ करून.

पिक्चर सुरू झाला आणि सगळ्यांचा एकदम "अरे..." निघाला.

असा त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता. तंबूत कायम पाऊस पडत असल्यासारख्या रेषा होत्या, आता एक रेघ नाही. टोपीच्या कडेवरून ओघळणारं पाणी दिसत होतं. पाठीवरच्या माशाचं एकेक खवलं मोजून घ्या. खाली इंग्रजीत ओळी येत होत्या. रूपेश वाचून म्हणाला, "हे बंदरावरच्या बाजाराचं भांडण आहे."

"गप रे," विनोद म्हणाला. "चिकूवाडीचं आहे."

आणि मग त्या खोलीत जे झालं ते भारती कधी विसरणार नाही. पडद्यावर काकड्याशेठने जपानीत डरकाळी फोडली आणि मागून विनोद काकांच्या आवाजात म्हणाला, "तुक्या, वाडीच्या कुंपणाला हात लावशील तर हात इथंच ठेवून जाशील." तिकडून भारतीने तुक्याचं उत्तर दिलं, "शेठ, चिकू तुमचे, पण पाडणारा मी." एकाला एक ओळ आठवत गेली. शेजारच्या म्हाताऱ्याला तर बायकांच्या ओळीही पाठ. जपानी आवाजांवर तलासरीचे आवाज चढले, लोक मांड्यांवर थापा मारायला लागले, आणि काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ एकही ओळ चुकत नव्हते.

रूपेश पिक्चर बघतच नव्हता. तो बापाच्या ओठांकडे बघत होता.

तुक्याने माफी मागायला करंगळी पाटावर ठेवली आणि सुरी उचलली, तेव्हा सगळी खोली शांत झाली. तंबूत याच वेळी काका आपला हात वर करून अर्धी करंगळी दाखवायचे आणि बाया किंचाळायच्या. आता सगळ्यांनी त्या टॉवेलकडे बघितलं. टॉवेल हलला नाही.

मग काकड्याशेठ थिएटरच्या पायऱ्या चढायला लागला.

भारती खुर्चीत पुढे सरकली. बाहेर कुठेतरी यात्रेच्या जाहिरातीची जीप ओरडत चालली होती, तिचा आवाज लांब लांब गेला आणि बंद झाला. पंख्याची घरघर तेवढी राहिली... आणि तिच्याखाली आणखी एक बारीक आवाज. टिक्-टिक्-टिक्-टिक्. रीळ फिरताना मशीन करायचं तो. भारतीने प्लेयरकडे बघितलं. त्यात फिरायला रीळ कुठे होतं...

पडद्यावर थिएटर. मंद उजेडातली रांग. पहिली टोपी, दुसरी टोपी, पंखा हलवणारी एक बाई...

आणि टीव्ही काळा झाला.

"लाइट गेली?" कोणीतरी म्हणालं.

"पंखा चालू आहे की," संगीता कुजबुजली. "डिस्क खराब आली वाटतं..."

भारतीला मात्र दिसलं. सगळा टीव्ही काळा झाला नव्हता. काळ्याला कडा होत्या. चार बोटं, अंगठा... आणि पाचवं बोट अर्धं. त्या अर्ध्या बोटाच्या जागी, खाली डाव्या कोपऱ्यात, उजेडाची एक फट होती. इथे ना मशीन होतं, ना भिंग, ना प्रकाशाचा झोत, ज्याच्यासमोर कोणी हात धरावा. तिने मान वळवून टॉवेलकडे बघितलं. काकांचा उजवा हात तिथेच होता. निपचित.

तिची नजर आपोआप त्या फटीकडे निघाली. सवयच ती.

तेवढ्यात तिच्या मनगटावर पकड बसली. काकांचा डावा हात. आणि गंजलेलं दार सरकावं तसा एक आवाज.

"झाक... डोळे झाक... बाय."

भारतीने डोळे मिटले.

पुढचे काही क्षण तिने फक्त ऐकलं. खुर्च्या पडल्या, संगीताच्या हातातली ताटली वाजली, रूपेश "बाबा, बाबा, काय म्हणालात?" करत गुडघ्यांवर आला. विनोदने घोंगडी ओढून काढली आणि उन्हाचा लोट आत आला. आत्या धावत आली, भावाचं तोंड दोन्ही हातांत धरून रडायला लागली. पाच महिन्यांनी माणूस बोलला होता. कोणी पेढ्यांना पळालं, कोणी डॉक्टरांना फोन लावला, ज्याला त्याला काकांनी काय म्हटलं ते दुसऱ्याला सांगायचं होतं. काळ्या पडद्याची कोणाला आठवणही राहिली नाही. टीव्हीवर खून कधीच होऊन गेला होता.

भारतीही रडली, हसली. काकांना पाणी पाजलं. काका तिच्याकडे बघत होते, पण दमले होते. बघता बघता त्यांची मान उशीवर कलली आणि ते झोपी गेले.

"तोच सीन परत लावतो," रूपेश म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "तिथेच बोलले ना? झोपेतही ऐकतील. काय सांगावं, अजून एखादा शब्द..."

"रूपेश, राहू दे," भारती म्हणाली. पण आवाज तिलाच ऐकू आला असेल नसेल.

ती तोवर दाराशी जाऊन उभी राहिली होती. उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकलं असतं तर अंगण होतं, ऊन होतं, आत्याच्या मिरच्या होत्या. तिने चौकटीला धरलं. एक पाऊल. पण एक्केचाळीस वर्षांची अर्धी गोष्ट तिच्या पाठीमागे खोलीत उघडी पडली होती, आणि भारती ती भारतीच.

तिने वळून बघितलं.

यावेळी हात नव्हता. काका झोपले होते.

पहिली टोपी. दुसरी टोपी. पंखेवाल्या बाईच्या कपाळावरचा घाम. एक म्हातारा, त्याच्या कोटाला एक बटण कमी. सगळं इतकं स्वच्छ, की श्वास दिसावेत. रांग सरकत राहिली... सावकाश... आणि टोकाला कमळीकाकी.

जशीच्या तशी. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, मण्यांच्या माळा. बाकी सगळे समोरचा सिनेमा बघत होते. ती एकटी इकडे बघत होती, खोलीत, दाराकडे. कोणाला तरी खूप दिवसांनी ओळखावं तशी तिची नजर फुलली. चघळता चघळता ती हसली. तिच्या शेजारी, लाकडी खुर्च्यांच्या रांगेला लागून, एक प्लास्टिकची खुर्ची होती. काळ्या-पांढऱ्यात रंग कळत नव्हता. मागच्या पायाला गुंडाळलेली तार कळत होती.

खुर्ची रिकामी होती. काकीने कनवटीत हात घातला, मूठ बाहेर काढली आणि त्या खुर्चीवर उघडली.

चित्र पुढे सरकलं. गोळी सुटली.

"हे बघा," रूपेश नाराज होऊन म्हणाला. "साधी माणसं तर बसलीत. यासाठी बाबांनी एवढं केलं?"

"शेवटी... शेवटी कोण होतं रे?"

"शेवटी? तोच म्हातारा, बटण तुटलेला. का हो ताई?"

भारती घरी गेली. खुर्ची तिने उचलली नाही. मघाशी काकांना पाणी पाजायला उठली नसती, तर ती त्याच खुर्चीत बसलेली असती.

* * *

सोमवारी सकाळी संगीता खुर्ची घेऊन ओट्यावर आली. आनंदाने तिच्या पायाला जमीन लागत नव्हती. काकांनी सकाळी चहा मागितला होता. चक्क "चाय" म्हणाले होते. आणि दोनदा भारतीचं नाव घेतलं होतं.

"काय म्हणत होते?"

"नीट कळलं नाही. 'भारतीला बसू नको सांग,' असं काहीसं. तुम्ही आलात की बसत नाही, उभ्यानेच जाता, म्हणून म्हणत असतील." तिने खुर्ची ओट्यावर टेकवली आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "पण ताई, एक सांगू? राग नका मानू. तुम्हांला माहीत असून तुम्ही घरात शेंगा कशा आणल्यात? आत्ता खुर्ची उचलायला गेले तर त्यावर ठेवलेल्या. बाबांना वास लागू नये म्हणून पदराखाली झाकून आणल्या. घ्या तुमच्या."

तिने पदर सोडला आणि भारतीच्या ओंजळीत मूठभर शेंगा टाकल्या.

"सकाळीच भाजल्यात का?" ती हसून म्हणाली. "अजून हात पोळतोय."

संगीता गेली. भारती तशीच उभी राहिली. हातातल्या शेंगा तिने नाकाशी नेल्या नाहीत, कानाशी हलवल्या नाहीत. त्यांच्यात एक वाळलेला तुकडा होता पळसाच्या पानाचा.

त्याला आता चार महिने झाले. लडक्याकाका काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जातात, आणि जाता-येता भारतीच्या ओट्याकडे बघतात. निळी खुर्ची तिथे कोपऱ्यात आहे. भारती हल्ली जमिनीवरच बसते. दमून आलेला कोणी खुर्ची ओढायला लागला, की ती पटकन आडवा हात धरते.

"नको रे तिथे," ती म्हणते. "ती जागा धरलेली आहे."

कोणासाठी, असं विचारलं की ती नुसती हसते, आणि खुर्चीवरून फिरवलेला हात पदराला पुसून मागे नेते. पण परवा विनोदने ते बघितलंच. तिची बोटं भाजल्यासारखी लाल झाली होती, आणि त्यांना टरफलांचा भुगा लागलेला होता.